बर्नार्ड फिशर : कमी कापलं तरी चालतं, हे सिद्ध करणारा सर्जन

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आज ज्या पद्धतीने होतं, ते तसं का होतं हे शोधायला गेलं की पिट्सबर्गच्या एका सर्जनपाशी पोचावं लागतं. बर्नार्ड फिशर. जन्म १९१८, मृत्यू २०१९, म्हणजे शंभरी ओलांडलेला माणूस. डॉक्टर मंडळी सोडली तर आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि ते मला फार खटकतं. आज ज्या बायका फक्त गाठ काढून, स्तन शाबूत ठेवून घरी येतात, त्यांच्यासाठी हा माणूस आयुष्यभर भांडला आहे.

आधी काय चालायचं ते सांगते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक ऑपरेशन रूढ केलं. पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे दोन्ही स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी, सगळं एकत्र काढायचं. त्यांचं म्हणणं असं की कर्करोग गाठीतून शिस्तीत पुढे सरकतो, आधी शेजारच्या ग्रंथींत, मग पलीकडे. म्हणजे जितकं लांबवर कापाल तितका रोग मागे राहण्याचा धोका कमी. ऐकायला हे अगदी पटतं. म्हणून १८९४ च्या त्यांच्या लेखानंतर पाऊणएक शतक जगभरचे सर्जन हेच करत राहिले. काहींनी तर बरगड्यांमागच्या ग्रंथींपर्यंत मजल मारली. बाईची छाती खोल जायची, कातडीखाली बरगड्या दिसायच्या, हात जन्मभर सुजलेला राहायचा. आणि एवढं करून बाई जास्त जगते का, हे कुणी नीट मोजलेलंच नव्हतं.

विरोध करणारे होते. लंडनचे जेफ्री केन्स १९२० च्या दशकात गाठ काढून रेडियमच्या सुया ठेवत होते आणि त्यांचे पेशंट बरे जगत होते. क्लीव्हलंडचे जॉर्ज क्राइल ज्युनिअर हेही मोठ्या ऑपरेशनविरुद्ध जाहीरपणे बोलत. पण दोघांकडे तोलामोलाची तुलना नव्हती. समोरचा सर्जन सहज म्हणू शकायचा, 'तुम्ही सोप्या केसेस निवडल्या असतील.'

फिशर मुळात या वाटेचे नव्हतेच. पिट्सबर्गमध्येच जन्म, तिथल्याच विद्यापीठातून १९४३ साली एम.डी. पुढे सर्जरी विभागात पूर्णवेळ शिक्षक झाले आणि शस्त्रक्रियेवर संशोधन करणारी प्रयोगशाळा उभी केली. यकृत पुन्हा कसं वाढतं, अवयवाचं रोपण कसं करता येईल, यात ते रमलेले होते. १९५०च्या दशकाच्या शेवटी त्यांचे ज्येष्ठ, फिलाडेल्फियाचे सर्जन आयसिडोर रॅवडिन यांनी त्यांना एका बैठकीला बोलावलं. ऑपरेशनच्या जोडीला औषध दिलं तर फायदा होतो का, हे बऱ्याच हॉस्पिटलांनी मिळून तपासायचं ठरत होतं. फिशर नाखुशीनेच गेले. त्यातूनच १९५८ साली एनएसएबीपी नावाचा गट उभा राहिला आणि १९६७ पासून त्याची धुरा फिशर यांच्याकडे आली.

त्यांचे भाऊ एडविन पॅथॉलॉजिस्ट. दोघांनी मिळून उंदरांवर बरेच प्रयोग केले. त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. यकृताकडे जाणाऱ्या शिरेत त्यांनी कर्करोगाच्या मोजक्याच पेशी सोडल्या. महिने गेले तरी उंदरांना गाठ झाली नाही. मग काही उंदरांचं पोट पुन्हा पुन्हा उघडून यकृत नुसतं हाताळलं, आणि त्यांच्यात गाठी वाढल्या. म्हणजे पेशी आधीपासून तिथे निपचित पडून होत्या. दुसऱ्या प्रयोगांत दिसलं की लसिका ग्रंथी या काही भक्कम तटबंदी नाहीत, पेशी त्यातून पार होतात आणि रक्तातही शिरतात. फिशर यांनी यातून निष्कर्ष काढला तो असा : गाठ हाताला लागते तेव्हा बऱ्याचदा रोग कुठे जायचा तिथे आधीच पोचलेला असतो. मग छातीचा स्नायू काढून काय साधणार? पोचलेला असेल तर औषध सगळ्या शरीराला द्यायला हवं, आणि पोचला नसेल तर लहान ऑपरेशनही पुरेल.

प्रयोगशाळेतल्या अशा विचारांवर लेख लिहून कितीतरी प्राध्यापक समाधान मानतात. फिशर यांनी त्यावर चाचणी लावली. चिठ्ठी काढून ठरवायचं की कुठल्या बाईला कुठलं ऑपरेशन. सर्जन मंडळी खवळली. पेशंटचं ऑपरेशन नाणेफेकीवर ठरवायचं?

बी-०४ ही चाचणी १९७१ साली सुरू झाली. १,६६५ स्त्रिया. एका गटाला हॉलस्टेडचं मोठं ऑपरेशन, दुसऱ्यांना फक्त स्तन काढणं, तिसऱ्यांना स्तन काढून वर रॅडिएशन. यात एक फार मोलाची गोष्ट निघाली. काख हाताने तपासून स्वच्छ वाटलेल्या ज्या बायकांच्या ग्रंथी काढल्या, त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्क्यांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली रोग सापडला. तर ज्यांच्या ग्रंथींना हातच लावला नाही, रॅडिएशनही दिलं नाही, त्यांच्यातही तितक्याच जणींना तो असणार. पण पुढे काखेत रोग उफाळला तो १८ टक्क्यांच्या आसपास बायकांत, आणि त्यांचं तेव्हा ऑपरेशन करता आलं. जगण्याच्या आकड्यांत फरक नाही. हे पंचवीस वर्षं पाठपुरावा करून २००२ साली पुन्हा छापलं, निष्कर्ष तोच.

मग १९७६ मध्ये बी-०६. आता स्तनही ठेवायचा का, हा प्रश्न. ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या बायकांचे तीन गट : पूर्ण स्तन काढणं, फक्त गाठ काढणं, गाठ काढून रॅडिएशन. १९८५ साली पहिले निकाल छापून आले आणि त्याच वर्षी फिशर यांना लास्कर पुरस्कार मिळाला, अमेरिकेतला वैद्यकीय संशोधनाचा मोठा मान. वीस वर्षांनंतरचे आकडे सांगते. नुसती गाठ काढली तर त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण ३९.२ टक्के, रॅडिएशन दिलं तर १४.३ टक्के. आयुर्मान मात्र तिन्ही गटांत सारखंच. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनीही ७०१ स्त्रियांवर स्वतंत्रपणे हेच तपासलं आणि निष्कर्ष जुळला.

मला या माणसात सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट ही. सर्जनचा मान, नाव, कमाई सगळं कापण्यावर. आणि हा सर्जन असून असा प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर त्याच्याच हातातलं काम कमी करणार आहे. विचारून थांबत नाही, उत्तर येईपर्यंत दशकानुदशकं वाट पाहतो.

आंबेमोहर

पाऊलवाट ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझ्या आत्याचं ऑपरेशन सत्तरच्या दशकातलं. आम्ही लहान होतो, काय झालंय ते कुणी सांगितलं नव्हतं. तिचा डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भरलेला असायचा, बांगड्या चढायच्या नाहीत म्हणून त्या हातात फक्त हिरवा दोरा बांधायची. पोळपाटावर जोर लागत नसे म्हणून भाकरी नेहमी आईच थापायची. आत्या भरपूर जगली, त्याबद्दल देवाचे आणि डॉक्टरांचे आभारच. पण छातीवरून पदर कधी ढळू दिला नाही, सख्ख्या बहिणीपुढेसुद्धा नाही.

मला स्वतःला काही वर्षांपूर्वी गाठ निघाली. माझी फक्त गाठ आणि काखेतल्या एकदोन ग्रंथी काढल्या, नंतर रॅडिएशन. हात व्यवस्थित चालतो, पापड लाटते, बसमध्ये दांडी धरून उभी राहते. हा फरक कुणामुळे पडला ते आज कळलं. आमच्या घराण्यातल्या दोन पिढ्यांच्या मधे हा माणूस उभा आहे.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गाठ काढून स्तन ठेवायचा म्हणजे जबाबदारीचा एक मोठा भाग आमच्या टेबलावर येतो, त्याबद्दल थोडं लिहिते.

ऑपरेशन थिएटरमधून तुकडा येतो तेव्हा त्याला दोरे बांधलेले असतात. बहुतेक ठिकाणी आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या बाजूला. नाहीतर स्तनातून बाहेर काढलेल्या त्या पिवळट गोळ्याची वरची बाजू कुठली न् खालची कुठली, हे कुणालाही ओळखता येणार नाही. मग आम्ही त्याच्या सगळ्या पृष्ठभागाला शाई लावतो, वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळा रंग. शाई सुकली की चकत्या पाडतो. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाची पेशी शाईला टेकलेली दिसली तर त्या बाजूला रोग मागे राहिला असण्याची शक्यता धरायची आणि सर्जनला कळवायचं. टेकली नसेल तर कडा स्वच्छ. बी-०६ मध्येही नियम असाच होता, कडेला रोग सापडला तर पूर्ण स्तन काढायचा.

ही बाजू एडविन फिशर यांनी सांभाळली. एक भाऊ सर्जन, दुसरा पॅथॉलॉजिस्ट, ही जोडी नसती तर एवढ्या हॉस्पिटलांतून आलेल्या तुकड्यांना एकच मोजपट्टी लावणं अवघड गेलं असतं.

विदावेडा

लेख आवडला. पण धाग्यात एक मोठी गोष्ट राहिली आहे आणि ती टाळून फिशर यांच्यावर लिहिता येणार नाही : माँट्रियल प्रकरण.

सेंट ल्यूक हॉस्पिटलचे रॉजर प्वासाँ यांनी अनेक वर्षं या चाचण्यांत पेशंट दाखल केले होते. १९९० साली एनएसएबीपीच्या ऑफिसात एकाच पेशंटचे दोन अहवाल समोर आले, आणि दोन्हींवर ऑपरेशनच्या तारखा वेगळ्या. खोदल्यावर निघालं की नियमात न बसणाऱ्या बायकांना चाचणीत घेता यावं म्हणून माहिती बदललेली होती. एकूण ९९ पेशंटच्या नोंदी. फिशर यांनी १९९१ मध्ये सरकारी कर्करोग संस्थेला कळवलं. पण दुरुस्त विश्लेषण छापून यायला उशीर झाला आणि मार्च १९९४ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ने बातमी फोडली.

त्यानंतर जे झालं ते भयंकर आहे. पंच्याहत्तरीतल्या माणसाला त्यानेच वाढवलेल्या गटाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. संसदीय समितीपुढे चौकशी. वैद्यकीय लेखांच्या सरकारी सूचीत त्यांच्या पेपरांपुढे गैरवर्तनाचा शेरा. बी-०६ चा सगळा विदा (डेटा) माँट्रियलचे पेशंट वगळून पुन्हा तपासला गेला आणि १९९५ मध्ये छापला : निष्कर्ष जसाच्या तसा. १९९७ साली फिशर यांना दोषमुक्त केलं गेलं, विद्यापीठाने माफी मागितली आणि तडजोडीत २७.५ लाख डॉलर दिले.

हे सगळं मान्य करूनही माझं मत असं की उशीर हा दोष होताच. ज्या बायकांनी स्तन ठेवायचा निर्णय या निकालावर भरवसा ठेवून घेतला, त्यांना हे वर्तमानपत्रातून कळायला नको होतं.

पाऊलवाट

विदावेडा, उशिराबद्दल सहमत. 'निकाल बदलत नाही, मग घाई कशाला' हा विचार प्रयोगशाळेत चालतो, लाखो बायकांचे निर्णय ज्यावर टेकलेत तिथे नाही. त्यांनी स्वतःहून लगेच जाहीर करायला हवं होतं.

पण शिक्षा कुणाला झाली ते पाहा. खोट्या नोंदी करणारा वेगळा, त्या पकडणारं ऑफिस फिशर यांचं. आणि चाचणी भक्कम असणं म्हणजे काय, ते याच प्रकरणात दिसलं. बी-०६ मधले २,१६३ पैकी ३५४ पेशंट, म्हणजे सुमारे १६ टक्के, एकट्या त्या हॉस्पिटलचे होते. एवढे वगळूनही उत्तर हललं नाही. एखाद्या थोर सर्जनच्या अनुभवावर उभं असलेलं मत अशा धक्क्यात टिकलं असतं का?

डॉ_भटका

जिल्ह्याच्या गावी सर्जरी करतो. एक अवघड मुद्दा मांडतो. बी-०६ मध्ये पेशंट मिळेनात म्हणून १९७८ च्या सुमाराला पद्धत बदलली. आधी चिठ्ठी काढायची आणि मग बाईला सांगायचं, तुमच्या वाट्याला अमुक ऑपरेशन आलंय, मान्य आहे का? यावर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्त होती. आज आपली कुठली नैतिक समिती हे सहजासहजी मान्य करणार नाही.

तरी त्या काळात अमेरिकेत रोजचा रिवाज काय होता तेही लक्षात घ्या. बाईला भूल द्यायची, तुकडा काढून तिथल्या तिथे तपासायला पाठवायचा, कर्करोग निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा. शुद्धीवर आल्यावर छातीला हात लावूनच तिला कळायचं. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचंही मोठंच ऑपरेशन झालं. रोझ कुशनर या पत्रकार बाईने स्वतःला गाठ निघाल्यावर या रिवाजाविरुद्ध रान उठवलं. तपासणी वेगळ्या दिवशी, ऑपरेशन वेगळ्या दिवशी, मधे बाईला विचार करायला वेळ, ही मागणी १९७९ साली सरकारी पातळीवर मान्य झाली. फिशर यांचे आकडे आणि कुशनर यांच्यासारख्या बायकांचा आवाज, दोन्ही लागले. नुसत्या आकड्यांनी सर्जन बदलले नसते, हे मी सर्जन म्हणून सांगतो.

पिट्सबर्गकर

इथे कामानिमित्त बरीच वर्षं आहे. एक भर घालतो : फिशर यांचं काम ऑपरेशनपुरतं नव्हतं. ऑपरेशननंतर केमो दिल्याने रोग परतायचं प्रमाण घटतं, हे १९७५ मध्ये त्यांच्या गटाने केमोच्या एका गोळीची चाचणी घेऊन दाखवलं. त्यानंतर टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्त्री-हॉर्मोनचा गाठीवरचा परिणाम रोखणारी गोळी. रोग झालेल्यांना तिचा फायदा तर झालाच, पण धोका जास्त असलेल्या निरोगी बायकांवरही त्यांनी चाचणी केली, १३,३८८ जणींवर. १९९८ चा निकाल असा की कर्करोग होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढला, तोही त्यांनी त्याच पेपरात मांडला.

विदावेडा

आणि ही परंपरा आपल्या परळपर्यंत पोचली आहे, ते सांगायलाच हवं. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी फिशर यांच्यासारखाच प्रश्न घेतला. रोग आधीच शरीरभर पसरलेला असेल तर मूळ गाठीचं ऑपरेशन करून बाई जास्त जगते का? ३५० स्त्रिया, चिठ्ठी काढून दोन गट. २०१५ मध्ये निकाल : जास्त जगत नाही. म्हणजे पुन्हा एकदा एका सर्जनने नको असलेलं ऑपरेशन बाजूला केलं.

दुसरी चाचणी त्याहून सुंदर. ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती साधं लिग्नोकेन टोचायचं, दात काढताना देतात ते. भारतातल्या ११ केंद्रांवर केलं, २०२३ मध्ये छापून आलं. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. ऑपरेशनच्या धक्क्याने पेशींचं काय होतं, हा प्रश्न फिशर बंधूंनी उंदरांच्या यकृतात विचारला होता. उत्तराचा एक तुकडा मुंबईत सापडला, तोही कुणालाही परवडेल अशा औषधात.

वऱ्हाडी

सगळं वाचलं, फार माहिती मिळाली. आता थेट विचारतो. माझी काकू यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर राहते. तिला गाठ निघाली, तुकडा तपासून कर्करोग म्हणून रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणतात पूर्ण स्तन काढू. हे वाचून वाटतंय की घाई होते आहे. त्यांना काय विचारावं?

डॉ_भटका

वऱ्हाडी भाऊ, आधी हे की पूर्ण स्तन काढणं म्हणजे चुकीचा उपचार असं धरू नका. गाठ स्तनाच्या मानाने मोठी असेल, एकाहून जास्त ठिकाणी असेल, किंवा रॅडिएशन देता येण्यासारखं नसेल, तर तोच सल्ला योग्य असतो. हॉलस्टेडचं स्नायू काढणारं ऑपरेशन आता सहसा होत नाही, ती भीती ठेवू नका.

आपल्याकडे अडतं ते बहुतेक रॅडिएशनपाशी. बी-०६ चे आकडे वर दिलेत, गाठ काढून शेक (म्हणजे रॅडिएशन) घेतला नाही तर रोग परतायचं प्रमाण किती वाढतं पाहा. पूर्वी पाच-सहा आठवडे रोज जावं लागे. आता बऱ्याच जणींना तीन आठवड्यांत पुरतं, काही ठिकाणी निवडक पेशंटना एका आठवड्याचाही कोर्स देतात. तेव्हा डॉक्टरांना विचारा : गाठ केवढी आहे, एकच आहे का, आधी केमो देऊन ती लहान करता येईल का, आणि रॅडिएशन किती दिवसांचं लागेल. तुकड्यावर हॉर्मोन आणि हर-टू (कर्करोगाच्या पेशींवरचं एक प्रथिन) यांची तपासणी झालीय का तेही बघा, औषध त्यावर ठरतं.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथे दुसरं मत घ्यायला एक चक्कर मारा. तुकड्याचा ब्लॉक (मेणात बसवून जपलेला तुकडा) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या, तो पेशंटचा हक्क आहे. म्हणजे पुन्हा सुई टोचावी लागत नाही. दुसरं मत घ्यायला आठवडाभर गेला तर बिघडत नाही. महिने मात्र घालवू नका.

आंबेमोहर

वऱ्हाडी दादा, काकूला घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांशी बोलताना तिला बाहेर बसवू नका. तिच्यासमोरच बोला, तिला काय वाटतं ते विचारा. आणि ऑपरेशन कुठलंही होवो, हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यायला लावा. हवं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिच्याशी मी फोनवर बोलेन.

वऱ्हाडी

डॉक्टर, आंबेमोहर ताई, खूप आभार. सोमवारी ब्लॉक आणायला जातो, मंगळवारी नागपूर. ताई, व्यनि केला आहे.